पसरलं कुणामुळे?

४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

सुनीतीच्या टाचेवरचा डाग म्हणजे कॅन्सर आहे. हे वाक्य चौथ्यांदा लिहितोय, आधीची तीन पानं फाडली.

मेलॅनोमा म्हणतात. कातडीला रंग देणाऱ्या पेशी असतात, त्या माजतात. डॉक्टर म्हणाले, आपल्याकडच्या लोकांना हा बहुतेक तळपायाला नाहीतर नखाखाली होतो, आणि तिथे कुणी बघत नाही. स्कॅनमध्ये जांघेत गाठ दिसतेय आणि उजव्या फुफ्फुसात दोन ठिपके. टाचेवर होतं ते वर चढलंय.

मी विचारलं, "पसरलं कशामुळे?" तर म्हणे, असं एक कारण सांगता येत नाही. सांगता येत नाही! बत्तीस वर्षं पावणे एमआयडीसीत व्हॉल्व्हच्या कारखान्यात क्वालिटीला काढली मी. माल रिजेक्ट होऊन परत आला की आधी बॅच नंबर बघायचा, मग मशीन, मग पाळी, मग माणूस. माणूस सापडतोच. रिटायर झालोय म्हणून हा श्यामसुंदर काही विसरलेला नाही.

आणि इथे शोधायचीही गरज नाही. राजाबाई. शिरवणे गावातली. बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावून न्हाऊ घालते, आमच्या क्षिप्राला तिनेच न्हाऊ घातलं. २०२२च्या मार्चमध्ये सुनीतीची टाच दुखायला लागली. राजाबाई म्हणाली कुरूप आहे. बिब्बा दिव्यावर तापवला, त्याचं तेल टाचेवर सोडलं आणि आठ दिवसांनी तो भाग ब्लेडने कोरला. आमच्याच बाल्कनीत बसून. रक्त आलं होतं, मी पाहिलंय. असल्या दुखण्याला लोखंड लागलं की ते पसरतं, हे शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल.

त्यानंतर टाच काळी दिसायची. बिब्ब्याचा डाग महिनोन् महिने राहतो, म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही. म्हणजे त्या बाईने पसरवलं आणि वर झाकूनही ठेवलं.

८ फेब्रुवारी

दुपारी ०२२ने सुरू होणारा नंबर. बाई म्हणाली, "सर, दोन मिनिटं बोलू का?" मी म्हटलं, कर्जतचे प्लॉट तुझ्या बापाला वीक. आणि नंबर ब्लॉक करून टाकला.

हॉस्पिटल होतं. ऑपरेशनची तारीख द्यायला फोन केला होता. सुनीतीने तिच्या मोबाइलवरून परत लावला, माफी मागितली, गुरुवार मिळाला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, एकदा ऐकून तरी घेत जा."

"दिवसाला सहा येतात. कुणाकुणाचं ऐकू?"

ती पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून आंघोळीला गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज आला नाही. मी दार वाजवलं तर म्हणाली, बसलेय जरा.

१४ फेब्रुवारी

काल ऑपरेशन झालं. टाचेची पुरीएवढी कातडी काढली आणि मांडीची तिथे लावली. जांघेतल्या गाठीही काढल्या. फुफ्फुसाचं औषधाने बघू म्हणतात. बघू! ग्लानीतही ती मला विचारत होती, तुम्ही जेवलात का. मला याचाही राग आला, का ते कळलं नाही.

२५ फेब्रुवारी

आज शिरवण्याला राजाबाईच्या दारात जाऊन आलो. ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. मी सरळ म्हटलं, तुझ्या ब्लेडने माझ्या बायकोच्या जिवावर आणलंय.

"काय झालाय बायला?"

सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं.

"मी बिब्बा लावला, कोरला, खरा हाय. पन रगत थांबेना तवा मीच बोल्लू, बाय, हा कुरूप नाय, डाक्टरला दाव. इचारा तिला, बोल्लू का नाय."

"आता अंगावरचं झटकू नको."

"मी कशाला झटकू? माझे हातानच केलाय ना." आणि रडायला लागली. रडणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, याचा फायदा लोक घेतात.

तिथून पोलीस स्टेशनला गेलो. अर्ज ठेवून घेतला. हवालदार म्हणाला, "काका, ब्लेडमुळेच पसरला असं डॉक्टरकडून लिहून आणा, मग बघतो." ठीक आहे, आणतो. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सगळी हकिकत टाकली आणि गेटवर सेक्रेटरीच्या सहीने कागद लावला: राजाबाई हिला आत सोडू नये. तीन घरांनी तिला कळवूनही टाकलं की उद्यापासून येऊ नकोस.

सुनीतीला ग्रुपवर कळलं. "म्हातारीचं पोट आहे त्यावर. तिनेच मला डॉक्टरकडे जा म्हणून सांगितलं होतं. आणि मी गेलेही होते."

गेली असेल. मला आठवत नाही. दोन्ही बाजूंनी बोलायची तिची सवयच आहे.

१८ मार्च

आज एक कामाचं माणूस भेटलं. डॉक्टर उन्नती. हॉस्पिटलच्या संशोधन विभागात आहे. वय तिशी, पायात कॅनव्हासचे बूट. हा कॅन्सर अंगात कसा पसरतो ते गाठींच्या जनुकांवरून शोधते. सुनीतीच्या गाठींचे तुकडे अभ्यासाला देता का, असं विचारायला आली होती.

तिने छान समजावलं. पेशीची दुसरी पेशी होताना आतल्या मजकुरात चुका होतात. झालेली चूक पुढच्या सगळ्या पिढ्यांत उतरते. टाचेच्या, जांघेच्या आणि फुफ्फुसाच्या गाठीतल्या चुका शेजारी शेजारी मांडल्या की कोण कुणापासून निघालं ते कळतं. एका मूळ घरातून निघालेल्या भाऊबंदांसारखं. "तारीख कळत नाही," ती म्हणाली, "क्रम कळतो."

मी खुर्चीतून उठलोच. हेच तर मी आयुष्यभर केलं! बॅच ट्रेसिंग! मी तिला ब्लेडचं सांगितलं. ती म्हणाली, "ब्लेडने पसरतं असा काही पुरावा माझ्याकडे नाही, काका. पण आधीचा एखादा नमुना असता तर आणखी नीट सांगता आलं असतं."

सुनीती म्हणाली, "आहे."

"कसला नमुना?" मी विचारलं.

"२०२२च्या ऑगस्टमध्ये. आपल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी टाचेचा एवढासा तुकडा काढून वाशीच्या लॅबला पाठवला होता."

"रिपोर्ट काय आला होता?" उन्नतीने विचारलं.

"आणायचा राहिला."

उन्नती खाली बघून लिहीत राहिली. म्हणाली, लॅब असे तुकडे मेणाच्या वडीत बसवून बरीच वर्षं ठेवतात, मिळाला तर बघा. मग फॉर्म पुढे केला आणि स्पष्ट सांगितलं की या अभ्यासाचा सुनीतीच्या उपचाराला उपयोग होणार नाही, झाला तर पुढच्या पेशंटना होईल. सुनीतीने तरी सही केली. "निष्कर्ष मला सांगावेत" यावर खूण करायलाही विसरली नाही.

मीही म्हटलं, दे. हवालदाराला कागद पाहिजे ना, जनुकांचाच कागद देतो.

२ एप्रिल

आज फुफ्फुसातल्या ठिपक्यात सुई घालून तुकडा घेतला. मी विरोध केला. पुन्हा लोखंडच. उन्नती म्हणाली, औषध ठरवायला हा तुकडा लागतोच, त्यातला उरलेला ती घेईल. सुनीती आत जाताना म्हणाली, "भांडू नका कुणाशी, मी येईपर्यंत." पार्किंगवाल्याशी थोडं झालं.

९ एप्रिल

वाशीच्या लॅबमध्ये गेलो. काउंटरवर सयाजी नावाचा माणूस, जुना असावा. नाव आणि महिना सांगितल्यावर वीस मिनिटांत मेणाची वडी घेऊन आला. मी खूश झालो. मग म्हणतो, "हे पण न्या, पडूनच होतं," आणि बंद पाकीट दिलं. वर सुनीतीचं नाव.

जिन्यात फोडलं. १७ ऑगस्ट २०२२. मेलॅनोमा. पुढील उपचार तातडीने सुरू करावेत.

अडीच वर्षं! अडीच वर्षं हे पाकीट एका पुठ्ठ्याच्या खोक्यात होतं! मी परत वर गेलो आणि असा ओरडलो की रांगेतल्या बायका बाजूला झाल्या. माणूस मरतोय आणि तुम्ही पाकिटं चिकटवून ठेवता? साधा एक फोन करता येत नाही?

सयाजी उठला. आत जाऊन जुनं रजिस्टर घेऊन आला आणि पान उघडून माझ्याकडे फिरवलं.

१८/८ फोन केला. उचलला नाही.
२०/८ फोन केला. रागावले, ऐकून घेतलं नाही.
२३/८ फोन लागत नाही.
२३/८ डॉक्टरांचा दवाखाना बंद.

नंबर माझा होता.

मी म्हटलं, पत्र पाठवायचं. सयाजी म्हणाला, "काका, फॉर्मवर पत्ताच नव्हता. नंबर तेवढा दिला होता तुम्ही." हे कारण झालं का? माणूस ओरडला तर चौथा फोन करायचा नाही असा नियम आहे का? दवाखान्याच्या डॉक्टरांची तर कमाल, त्याच महिन्यात दवाखाना विकून मुलाकडे निघून गेले. सगळे एकजात बेजबाबदार. दुसरी तक्रार लॅबवर करणार. राजाबाईचं प्रकरण मात्र आधी, कारण पसरवलं तिने.

१० एप्रिल

वडी उन्नतीला देऊन आलो. पाकीट कपाटात, माझ्या स्वेटरच्या खाली.

सुनीतीने विचारलं, "मिळालं?"

"वडी मिळाली."

"आणि रिपोर्ट?"

"जुने रिपोर्ट ठेवत नाहीत ते."

खोटं बोललो, पण तिला त्रास नको म्हणून. या अवस्थेत आणखी कशाला? ती म्हणाली, भात लावा, मला उभं राहवत नाही.

६ जुलै, रविवार

दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषध. एक ठिपका लहान झालाय, दुसरा तसाच. जांघेतल्या गाठी काढल्यामुळे पायात पाणी साचतं, घोटा दिसेनासा झालाय. क्षिप्रा बंगलोरहून आली होती. माझा मोबाइल घेऊन ब्लॉक केलेले नंबर उघडले तर चारशे बारा निघाले. हसायला लागली. सुनीतीही हसली, पण लगेच थांबली. क्षिप्राने सगळे मोकळे केले.

आज बाजारात राजाबाई दिसली. फुटपाथवर पोतं टाकून अळूच्या जुड्या विकत बसली होती. या वयात. मी मान फिरवली. तिने फिरवली नाही, सरळ बघत राहिली. एवढी हिंमत येते कुठून या लोकांना?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

नवीन स्कॅन वाईट आहे. यकृतात आलंय. डॉक्टर आता महिन्यांच्या भाषेत बोलतात.

तिथून उन्नतीकडे गेलो. निकाल आला होता. मी पोलिसांत दिलेला अर्ज फाइलला लावून नेला होता, म्हटलं लगे हाथ सही घेऊ. सुनीती व्हीलचेअरवर. उन्नतीने कोरा कागद घेतला आणि खालून वर एक रेघ काढली.

आम्हाला वाटलं होतं टाचेतून जांघेत आणि जांघेतून फुफ्फुसात, जिन्याच्या पायऱ्यांसारखं. तसं नाही. जांघेचा आणि फुफ्फुसाचा, दोन्ही फाटे टाचेतूनच वेगवेगळे निघालेत. पण निघण्याआधी टाचेतल्या पेशींत एक मोठा बदल झाला. तो बदल जांघेत आहे, फुफ्फुसात आहे, या वर्षी काढलेल्या टाचेतही आहे. पसरल्या त्या पेशी या बदलाच्या पोटच्या.

"आणि २०२२च्या तुकड्यात?" मी विचारलं.

"त्यात तो नाही."

"ब्लेड मार्चमधलं."

"हो. आणि तुकडा ऑगस्टमधला. ब्लेड लागून पाच महिने झाले तरी पसरणाऱ्या पेशी त्या तुकड्यात दिसत नाहीत." मग घाईने म्हणाली, "तुकडा लहान होता, काका. टाचेत दुसरीकडे असतीलही. मी शंभर टक्के सांगू शकत नाही."

"पण बहुतेक?"

"बहुतेक पसरलं ते ऑगस्टनंतर."

तिच्या टेबलावर लॅबच्या रिपोर्टची प्रत होती. तिने ती थेट मागवली असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. १७ ऑगस्ट. ती माझ्याकडे बघत नव्हती, कागदाकडे बघत होती. चांगली मुलगी आहे. तरी मला पहिला राग तिचाच आला, ते लिहून ठेवतो. मग लॅबचा येतो का ते पाहिलं, आला नाही. डॉक्टरांचाही आला नाही. शोधून शोधून मी ज्या माणसापाशी आलो तो मीच होतो. रजिस्टरमध्ये २०/८च्या ओळीत मीच आहे, एप्रिलपासून मला ते माहीत आहे, आणि सात महिने मी त्या म्हातारीला फुटपाथवर बसवून ठेवलंय.

व्हीलचेअर ढकलत लिफ्टपर्यंत आलो. म्हटलं, सुनीती, पाकीट मिळालं होतं मला.

"माहीत आहे. तुम्ही पेन्शनच्या कामाला बँकेत गेला होतात तेव्हा स्वेटर उन्हात घालायला काढले होते."

"मग बोलली का नाहीस?"

लिफ्ट आली. आत माणसं होती. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "आधी राजाबाईचं करा."

१७ नोव्हेंबर

पोलीस स्टेशनला जाऊन अर्ज मागे घेतला. हवालदार म्हणाला, बरं केलंत. मला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली, त्याची काही चूक नव्हती.

मग शिरवणे. राजाबाई दारात उभी राहिली, आत या म्हणाली नाही. मी सगळं सांगितलं, रजिस्टरच्या ओळीसकट. माफी मागितली.

"बाय कशी हाय?"

"बरी नाही."

"किती दिस?"

सांगितलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मग माझ्यावर अशी कडाडली की शेजारच्या दोन बाया बाहेर आल्या. "नऊ म्हयने मी झोपली नाय! माझे हातान बाय मरते म्हनून! देवाला हात लावला नाय मी ह्या हातानी! आनि तुमाला म्हायती होता? म्हायती होता आनि गप रायलाव?"

मी हो म्हटलं.

"मना माफी नको. गेटवरचा कागद तुमचे हातान काढा आनि काय झाला ता लिवा. सगल्यांना दिसंल असा लिवा. मी उद्या येनार हाय बायला बघाला. कोन अडवतो बघते."

१८ नोव्हेंबर

कागद काढला. त्या जागी दुसरा लावला, आणि तोच मजकूर ग्रुपवर टाकला: राजाबाईची काहीही चूक नव्हती. तिने डॉक्टरकडे जायला सांगितलं होतं. २०२२ मध्ये लॅबने कॅन्सरचा रिपोर्ट सांगायला मला फोन केला, मी ओरडून नंबर ब्लॉक केला. तेव्हा तो बहुतेक टाचेतच होता. श्यामसुंदर.

एकोणतीस जणांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. "काका, स्वतःला दोष देऊ नका." "असं कुणाकडूनही होतं." "नियती." सेक्रेटरीने तर लिहिलं, यू आर व्हेरी ब्रेव्ह. कुणालाच राग येत नाही? राजाबाईवर एका संध्याकाळी पेटले आणि माझ्यापुढे हात जोडतात! राजाबाई सकाळी आली, गेटवर कुणी अडवलं नाही, तर हेच लोक तिला "मावशी, चहा घेणार का" म्हणाले. तिने घेतला नाही. सुनीतीजवळ तासभर बसून गेली. काय बोलल्या ते मला ठाऊक नाही, दार लावून घेतलं होतं.

दुपारी मी सुनीतीला ग्रुपवरचे सगळे मेसेज वाचून दाखवले. म्हटलं, बघ, कुणी काही बोलत नाही मला.

ती उशीला टेकून बसली. "फोन ठेवा तो. लांब ठेवा."

ठेवला.

"तीन वेळा सांगितलं होतं मी, रिपोर्ट आणा. गणपतीच्या आधी एकदा, गणपतीत एकदा, नंतर एकदा. तिसऱ्यांदा तुम्ही म्हणालात, भुणभुण नको, माझ्यावर विश्वास नाही का. मी स्वतः जाऊन आणला असता तर तुम्ही आठ दिवस बोलला नसतात. मी त्या आठ दिवसांना घाबरले, अहो. कॅन्सरला नाही घाबरले, तुमच्या तोंडाला घाबरले. मला राग आलाय. मला तुमचा एवढा राग आलाय की सकाळी तुम्ही चहा आणता ना, तो बेसिनमध्ये ओतावासा वाटतो."

आवाज चढत गेला. तीस वर्षांत मी तिचा हा आवाज ऐकला नव्हता. मग बोलण्यात तिचा बी.एड.चा फॉर्म आला, जो मी चिडून फाडला होता. तिचे वडील आले, ज्यांचा शेवटचा फोन मी मॅच चालू होती म्हणून तिला दिला नव्हता. मला आठवत नव्हतं. तिला तारखांसकट आठवत होतं. क्षिप्रा शिकायला एवढ्या लांब का गेली ते आलं. खालच्या मजल्यावरच्यांनी खिडकी लावून घेतली, मग उघडली. मला चार ठिकाणी उत्तर सुचलं. एकदा तर तोंड उघडलंही, पण तिने नुसतं बोट वर केलं.

बोलता बोलता तिला धाप लागली. मी पाणी आणायला उठलो.

"बसा खाली," ती म्हणाली. "माझं अजून संपलेलं नाही."